रांगेबाहेरची पाच मिनिटं

"ए, पाय हलवू नकोस!"

तो एवढ्या जोरात ओरडला की माझ्या हातातला अतोलेचा, मक्याच्या गोड पेजेचा, गरम पेला हिंदकळला. देवळापुढे नाचाची तालीम चालली होती, भुरभुर पाऊस होता. त्याच्या नाचाच्या घागऱ्याची दोरी तुटून तिच्यात ओवलेल्या बोरूच्या नळ्या घरंगळत थेट माझ्या चपलांपाशी आल्या होत्या.

"आईनं कापल्यात एकेक," गुडघ्यांवर बसून तो नळ्या वेचू लागला. "एक जरी फुटली ना..."

"तर काय, देवळातली ग्वादालुपेची आई कोपेल?"

"ती नाही गं. माझी आई!"

तो हसला... आणि मी गेलेच कामातून. नळ्या मीच ओवून दिल्या. मग रोज तालमीला अतोले घेऊन हजर.

"आज साखर जास्त पडलीय, एर्मिनिया."

"तू बघत होतास ना... हात हलला."

एवेलियोच्या आईची मूत्रपिंडं बिघडली होती. ती वाचावी म्हणून त्याचा नवस होता — तीन वर्षं, दर बारा डिसेंबरला, ग्वादालुपेच्या आईच्या सणाला, सकाळपासून मिरवणूक देवळात शिरेपर्यंत नाचायचं. रांग सोडायची नाही. हे शेवटचं वर्ष होतं.

बारा तारखेला बेकरीच्या कोपऱ्यावरून मीच त्याला हाक मारली.

"पाचच मिनिटं!"

"वेडी आहेस का? आज नाही."

"शेकड्यांनी नाचतायत. ग्वादालुपेच्या आईला काय कळणार आहे?"

तो आला. बेकरीच्या भिंतीआड, घामानं निथळत म्हणाला, "नवस फिटला की आईला घेऊन तुमच्या घरी येतो... मागणी घालायला." इतकी सुखी मी कधीच नव्हते. आम्ही धावत परतलो तेव्हा रांग देवळात शिरली होती.

फेब्रुवारीत त्याची आई गेली.

"डॉक्टर म्हणतात, दुखणंच तसलं होतं," दफनभूमीच्या फाटकाशी तो म्हणाला. "कळतं मलाही. पण तुला बघितलं की ती भिंत दिसते."

"हाक मी मारली होती, एवेलियो."

"आलो तर मी ना! मोडलेला नवस आता पहिल्यापासून फेडायचा. आईच्या नावानं, तीन वर्षं."

"आणि मग... आपण?"

तो फाटक ओढून घेऊन एकटाच निघून गेला. चिडला असता, शिव्या घातल्या असत्या, तर मी इतकी तुटले नसते.

या डिसेंबरात मी पुन्हा त्याच कोपऱ्यावर उभी राहिले. ढोल जवळ आला. तो समोर येताच मी ओवलेली दोरी तुटली आणि नळ्या घरंगळत माझ्या पायांशी आल्या. त्यानं खाली पाहिलं, मग माझ्याकडे. त्याचं पाऊल क्षणभर अडखळलं... त्याचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं.

मी तोंडावर हात दाबून धरला. तो नाचत पुढे गेला.

रांग देवळात शिरल्यावर मी नळ्या वेचल्या. एक फुटली होती. तशी दुसरी कापून देणारं आता त्याच्या घरात कुणी नव्हतं.