भोकाचं नाणं

"सापडलं! आणखी एक सापडलं!" भोंगा इतक्या जोरात ओरडला की बागेतली कबुतरं भर्रकन उडाली.

"हळू!" शंकासुर करवादला. "अख्ख्या गावाला सांगायचंय का?"

भोंग्याच्या तळहातावर नाणं होतं. मधोमध भोक पाडलेलं! सकाळपासूनचं हे दुसरं. त्याआधीचं, सगळ्यात पहिलं नाणं काल चिल्लरने आणलं होतं आणि तिथूनच ही शोधमोहीम सुरू झाली होती.

चिल्लरला नाण्यांचा नाद, म्हणून तिचं नाव चिल्लर. पण कोऱ्या चकचकीत नाण्याकडे ती ढुंकूनही बघायची नाही. झिजून गुळगुळीत झालेली, वाकलेली, चेपलेली नाणी तिला हवी असायची. भोकाचं नाणं मात्र तिच्याकडे नव्हतं. कालपर्यंत.

"हे हेरांचं काम आहे!" भोंगा म्हणाला. "नाण्यांतून खुणा पाठवतात!"

"का? हेरांना फोन परवडत नाही वाटतं?" शंकासुराने नाणं डोळ्यांजवळ धरलं. "अरे, भोकाभोवती हा ठसा कसला? सहा कोनांचा!"

तो धावत आपल्या सायकलपाशी गेला. चाकाच्या नटावर त्याने नाणं टेकवलं. ठसा तंतोतंत जुळला.

"वायसर! कुणीतरी नटाखाली वायसरच्या चकतीऐवजी नाणी घातलीत!"

"पण कुठे?"

आजची दोन्ही नाणी बागेतल्या आकाशपाळण्याच्या कुंपणाशी सापडली होती. तिघांनी एकदमच माना वर केल्या. रंगीत खुर्च्यांचा तो पाळणा करकरत नुकताच फिरू लागला होता.

"बापरे!" शंकासुर पुटपुटला. "ही दोन भोकापासून कडेपर्यंत चिरलीत, म्हणून गळून पडली. पण चिल्लर, तुझं तर अख्खं आहे. मग ते पडलं कसं?"

चिल्लरच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "मला... गवतात..."

"ताई! ए ताई!" वरून हाक आली. पिवळ्या खुर्चीतून तिचा धाकटा भाऊ हात हलवत होता. खुर्ची एका बाजूला कलली होती.

"ते पडलंच नाही," चिल्लर कशीबशी म्हणाली. "मी काढलं. त्याच खुर्चीचं! काल बसले होते तेव्हा नट हातानेच फिरला. मी नाणं काढून घेतलं आणि नट परत लावून टाकला. तुम्हाला खोटं सांगितलं."

भोंग्याचं तोंड उघडं राहिलं, पण आवाज फुटला नाही. असं पहिल्यांदाच झालं होतं.

तिघं पाळणेवाल्याकडे धावले.

"काका, पाळणा थांबवा! पिवळ्या खुर्चीचा बोल्ट सुटतोय!"

"रोज कुणी ना कुणी शहाणपणा शिकवतं!" काकांनी मोबाइलवरून नजरही काढली नाही. "चला, व्हा बाजूला!"

चिल्लर रडकुंडीला आली. तेवढ्यात भोंग्याला आपला आवाज सापडला. "काका! पिवळ्या खुर्चीतला पोरगा ओकतोय! खालच्यांच्या डोक्यावर!"

पाळण्यात एकच गलका उडाला. "आई गं! आम्हाला उतरवा!"

"अरे देवा! आता पुसायचं कुणी?" काका ताडकन उठले. त्यांनी पाळण्याचा वेग कमी करून पिवळी खुर्ची खाली आणली. चिल्लरने भावाला ओढून घेतलं आणि पुढच्याच क्षणी खुर्चीची एक बाजू खाण्णकन खाली आली!

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी एकेक करून सगळ्यांना उतरवलं.

शंकासुराच्या मावशीचं समोरच यंत्रदुरुस्तीचं वर्कशॉप होतं. गलका ऐकून ती नट खोलायचे पाने घेऊन आली. जवळजवळ प्रत्येक खुर्चीच्या नटाखाली नाणं निघालं.

"वायसर आणायला वेळ नव्हता," काका चाचरत म्हणाले. "म्हटलं, चालतंय की."

"चालतंय की? लेकरं बसतात यात!" मावशी कडाडली.

एव्हाना गर्दी जमली होती. "शाबास पोरांनो! केवढा अनर्थ टळला!" कुणी भोंग्याला उचललं, कुणी चिल्लरची पाठ थोपटली. प्रत्येक थाप तिला चपराकीसारखी लागत होती. ती आक्रसून गेली.

"मला नका शाबासकी देऊ," ती अखेर म्हणाली. "पिवळ्या खुर्चीचं नाणं मीच काढलं होतं. कुणाला सांगितलं नाही, कारण मला ते हवं होतं."

भाऊ तिचा फ्रॉक धरून उभा होता. त्याच्याकडे बघायची तिची हिंमत होईना.

"वाईट केलंस," मावशी म्हणाली. "नट हाताने फिरला, तेव्हाच बोंब ठोकायला हवी होतीस."

"हो."

"आज मात्र वेळेवर बोललीस, म्हणून हा इथे उभा आहे. आणि आत्ता सगळ्यांसमोर बोलणं सोपं नव्हतं, तेही मला कळतं." मावशीने तिच्या हातात टॉर्च दिला. "चल, एकूण एक बोल्ट तपासायचाय. उजेड धर."

चिल्लरने टॉर्च लावला. उजेड तिच्याच पायांवर पडला.

"अगं, मान वर कर," मावशी म्हणाली. "बोल्ट वर आहेत."