सोळा पावलं

बिस्किट तळ्याच्या काठाशी आला, पुढचे दोन्ही पाय रोवले आणि थांबला. नेसा मात्र थांबली नाही. ती त्याच्या कानांवरून थेट पाण्यात गेली.

नाकातोंडातलं पाणी झटकत ती उठली तेव्हा समोर एक ताडमाड तरुण उभा होता. गळ्यात शिट्टी, हातात लिहायची फळी, आणि फळीवरच्या कागदावर भुरभुर पाऊस.

"लागलं का तुम्हाला?"

"मला काही झालं नाही. घोडा धरा आधी."

"मी?" तो दोन पावलं मागे सरला. "मी... मी फक्त लिहायला आहे."

बिस्किटला असल्या भित्र्या लोकांचं भारी प्रेम. तो ठुमकत त्याच्याजवळ गेला, कोटाच्या खिशात नाक खुपसलं आणि पेपरमिंटची आख्खी गुंडाळी कागदासकट फस्त केली. तो बिचारा डोळे घट्ट मिटून उभा.

"झालं," नेसा म्हणाली. "आता जन्मभर ओळख ठेवेल तो. काय लिहिताय?"

"घोडा थांबला. स्वार पुढे गेली."

"सरळ 'बाद' लिहा."

"'छान दिसत होती' असं लिहायचं होतं," तो कागदावरून मान न उचलता म्हणाला, "पण त्याला रकाना नाहीये."

आता बोला. गारठून दातावर दात वाजत असताना नेसाला हसू फुटलं, आणि तिथेच सगळं सुरू झालं.

त्याचं नाव फेलिम. किलब्रॅक गावच्या घोडेस्वारीच्या स्पर्धा भरवणाऱ्या ब्रीडाबाईंचा भाचा, धंद्यानं जमीन मोजणारा. अडथळ्यांपाशी बसायला पंच कमी पडले की ब्रीडाबाई घरचीच माणसं पकडून आणायच्या. नेसा आठवडाभर डेअरीत दूध तपासायची आणि शनिवार-रविवार बिस्किटची असायची. शिस्तीची कसरत, रानातली दौड, मैदानातल्या उड्या, असे तिन्ही प्रकार ती दोघं हौसेनं करायची. अकरा वर्षं तिनं त्या बदामी घोड्याला स्वतःच्या हातानं खरारा केला होता. तो आता सतरा वर्षांचा होता आणि हा त्याचा शेवटचा हंगाम होता. हौशी स्वारांच्या देशपातळीच्या सामन्याला एकदा, फक्त एकदा त्याला न्यायचं, एवढीच तिची इच्छा होती. त्यासाठी सप्टेंबरात किलब्रॅकला एक निर्दोष फेरी हवी होती.

फेलिम दर शनिवारी तबेल्यात यायला लागला. आधी दारात, मग दाराच्या आत, मग जून उजाडेपर्यंत बिस्किटच्या पोटाखाली वाकून चिखल खरवडताना. खिशात पेपरमिंट कायमचंच.

"हा माझ्यावर प्रेम करतो की पेपरमिंटवर?" त्यानं एकदा विचारलं.

"पेपरमिंटवर."

"आणि याची मालकीण?"

"मालकिणीला गोड आवडत नाही," नेसा म्हणाली, पण तिचे कान लाल झाले होते आणि ते त्याला दिसले.

सप्टेंबरातल्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी दोघं मार्ग चालायला निघाली. घोडा जिथून धावणार, तिथून स्वारानं आधी पायी चालायचं, अडथळ्यांमधलं अंतर पावलांनी मोजायचं. घोड्याची एक ढांग म्हणजे माणसाची चार पावलं. शिवाय दोन पावलं उतरायला, दोन उडायला. हे नेसाला झोपेतही पाठ होतं.

टेकडीच्या उतारावर दोन जाडजूड ओंडके होते, एकापुढे एक. पाऊस असा की पडतोय की नाही तेच कळू नये. फेलिमनं तिचा हात धरला होता, पहिल्यांदाच, आणि सोडायचं नाव घेत नव्हता. तिलाही तो सुटायला नको होता.

"चला मोजणीवाले," ती म्हणाली. "एक..."

"दोन. तुला माहितेय, या कामाचे लोक मला पैसे देतात."

"तीन. हात धरायचेही?"

"चार. ते... ते फुकट."

हसत, अडखळत ती दुसऱ्या ओंडक्याशी पोचली. "सोळा," नेसा म्हणाली. "म्हणजे मध्ये तीन ढांगा. सरळसोट."

फेलिमनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"काय?"

"काही नाही," तो म्हणाला आणि तिच्या नाकावरचा पावसाचा थेंब बोटानं टिपला. असल्या वेळी कोण कुणाला पुन्हा विचारतं?

दुसऱ्या दिवशी दौडीत बिस्किट वाऱ्यासारखा सुटला. तळ्यात न थांबता उतरला, न थांबता बाहेर आला. मग उतार, पहिला ओंडका, स्वच्छ उडी. एक ढांग. दुसरी. आणि बिस्किटचा कान मागे वळला. अंतर जास्त आहे, मध्ये एक छोटी ढांग टाकू का, असं त्यानं विचारलं. अगदी स्पष्ट विचारलं. अकरा वर्षांत त्याचं बोलणं तिला कळलं नाही असं कधी झालं नव्हतं.

नेसानं टाचा दाबल्या. नाही, तीनच.

बिस्किटनं ऐकलं. नेहमी ऐकायचा. तो फार लांबून उडाला आणि त्याचे पुढचे पाय ओंडक्यावर आदळले. पडला नाही. नेसालाही त्यानं पाडलं नाही. पलीकडे उतरला आणि उजवा पाय उचलून तीन पायांवर उभा राहिला.

फेलिम धापा टाकत आला तेव्हा ती बिस्किटच्या मानेला बिलगून उभी होती. आजूबाजूला वीस-पंचवीस माणसं, जनावरांचा डॉक्टर, ब्रीडाबाई.

"तू मोजलंस," ती म्हणाली. "जमिनी मोजतोस ना? तुला सोळा पावलं मोजता आली नाहीत."

त्यानं बिस्किटच्या पायाकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला. "माझं चुकलं."

पायाची शीर फाटली होती. बिस्किट जगेल, चालेल, पण पुन्हा उडणार नाही, असं डॉक्टर म्हणाला. फेलिमचे फोन तिनं घेतले नाहीत. त्याचं पत्र उघडलं नाही. कुरणाच्या फाटकावर दर शनिवारी पेपरमिंटची गुंडाळी ठेवलेली असायची. ती तिनं बिस्किटला दिली नाही, शेजाऱ्यांच्या पोरांना वाटली. नाताळानंतर गुंडाळ्या यायच्या थांबल्या.

वर्ष गेलं. पुढच्या सप्टेंबरात ब्रीडाबाईंनी तिलाच पंच म्हणून पकडलं आणि नेमके ते दोन ओंडके दिले. "माझ्याकडे दुसरं कुणी नाहीये गं," त्या म्हणाल्या. "तू नाही म्हणू नकोस."

पहिला स्वार यायला वेळ होता. सवय जाते का? नेसा पहिल्या ओंडक्याला पाठ लावून चालायला लागली. एक, दोन, तीन... सोळा झाली, आणि दुसरा ओंडका अजून पुढेच. अठरा.

ती परत गेली. पुन्हा मोजलं. अठरा.

"ब्रीडाबाई, ओंडके हलवले का यंदा?"

"जमिनीत पुरलेत ते, नेसा. माझ्या बापाच्या काळापासून तिथेच आहेत."

मग तिला आठवलं. हात धरलेला. तो लांब ढांगा टाकतोय आणि आपण त्याच्या बरोबरीनं, मांड्या ताणून, जवळजवळ चवड्यांवर... हात सुटू नये म्हणून. आणि 'सोळा' म्हणालं कोण? तीच म्हणाली होती. ती मटकन त्या ओंडक्यावरच बसली. अकरा वर्षं सोबत असलेल्या घोड्याचं बोलणं झिडकारून तिनं टाचा दाबल्या होत्या, आणि ते पाप दुसऱ्याच्या गळ्यात बांधून मोकळी झाली होती.

"आत्यानं चहा पाठवलाय."

फेलिम होता. हातात थर्मास. तो थोडा दूरच उभा राहिला.

"अठरा आहेत," ती म्हणाली.

"माहितेय."

"कधीपासून?"

त्यानं थर्मास गवतावर ठेवला. मग म्हणाला, "तेव्हापासूनच. माझं पाऊल किती लांब आहे ते मला इंचात माहितेय, नेसा. तू माझ्या पावलाला पाऊल लावत होतीस. ते... मला इतकं आवडलं, की म्हटलं, आता बोललो तर ही थांबेल. आणि वाटलं, घोड्याचं तिला कळतंच की."

"मग सगळ्यांसमोर माझं चुकलं का म्हणालास?"

"चुकलंच होतं."

"माझं जास्त चुकलं. मी तुझं पत्रही..." ती ओंडक्यावरून उठली. "फेलिम, मला तू हवा होतास. आजही—"

"नेसा." तो हळूच म्हणाला. "वसंतात माझं लग्न आहे. लिमरिक शहरातली आहे ती. घोडा जवळून गेला तरी शिंका येतात बिचारीला."

नेसा हसली, कारण रडायचं नव्हतं. "चांगली आहे?"

"खूप."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. काहीच ठीक नव्हतं.

त्याला परत जायचं होतं. फाटकापर्यंत ती सोबत निघाली. कुणी कुणाचा हात धरला नाही. अर्ध्या वाटेवर तिच्या लक्षात आलं, तिला मुळीच ताणावं लागत नव्हतं. तो आपली लांब पावलं आखडून, तिच्या पावलांनी चालत होता. हे त्याला सांगितलं असतं तर तो थांबला असता. ती काही बोलली नाही.

फाटकाशी त्यानं खिशात हात घातला. "बिस्किटला दे."

"अजून बाळगतोस?"

"सवय," तो म्हणाला, आणि गाडीपर्यंत आपल्या नेहमीच्या ढांगांनी गेला.

संध्याकाळी कुरणात बिस्किट लंगडत तिच्याकडे आला. तिनं तळहातावर पेपरमिंट धरलं. त्यानं ते हुंगलं, खाल्लं, आणि मग मान उंचावून तिच्या खांद्यावरून पलीकडे, फाटकाकडे बघत बराच वेळ उभा राहिला.