तेहतिसावा कागद

शनिवारची सकाळची शाळा सुटली, तेव्हा कुंभोजकर बाई पट्टी लावून कागद फाडत बसल्या होत्या. कोडेयंत्रातून निघालेल्या लांबलचक भेंडोळ्याचे बत्तीस तुकडे, बत्तीस मुलांची बत्तीस अंककोडी. एकासारखं दुसरं नाही. कागदच तसा होता. पेन्सिल कुठे अडखळली, काय खोडलं, हे तो टिपून ठेवी आणि त्यावरून यंत्र त्या मुलाचं दुसऱ्या दिवशीचं कोडं रची. बाईंनी आपल्या वर्गांच्या तीस वर्षांच्या वह्या त्याला वाचायला दिल्या होत्या. त्यामुळे कोडी त्यांच्याच वळणाची निघत, आणि खाली प्रत्येक मुलासाठी एखादी ओळही.

दारात त्यांची मुलगी इरा उभी होती. तिला पुण्याची गाडी गाठायची होती.

"तुझ्यासाठी काढू का एखादं?" बाई म्हणाल्या. "का अजून तुझे सहा नि सहा तेराच होतात?"

"पुढच्या वेळी, आई."

"बरोबर आलं तर मैदान," त्यांनी वर्गातला जुना नियम ऐकवला, "चुकलं तर माझ्या शेजारी."

इरा हसली आणि निघाली. सोमवारी परिपाठाची घंटा व्हायच्या आधीच आई वर्गात खुर्चीवर बसल्या बसल्या गेली.

तीन आठवड्यांनी मुख्याध्यापक हेरवाडे सरांनी इराला बाईंच्या रिकाम्या वर्गात बोलावून घेतलं. यंत्र बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. मुलं रोज कोडी सोडवत होती. पण खालची ओळ वाचून दोघातिघांनी घरी जाऊन, बाई आता कुठे बसतात, असं विचारलं होतं. पालक बिचकले होते. वह्या बाईंच्या, तेव्हा निर्णय वारसाचा. इराने सही केली, की बाईंचं वळण यंत्रातून कायमचं पुसलं जाणार होतं. ती सही करायच्या तयारीनेच आली होती. आईची नक्कल तिला सोसणार नव्हती.

"आधी हे बघा," सर म्हणाले. "पटावर मुलं बत्तीस. बाई गेल्या त्या दिवसापासून कागद निघतात तेहतीस."

शेवटच्या कागदावर नाव होतं: इरा कुंभोजकर, इयत्ता तिसरी.

तिसरीत ती आईच्याच वर्गात होती. तिची वहीही त्या तीस वर्षांत असणारच. घरी आई कायम दुसऱ्यांच्या वह्यांच्या गठ्ठ्यामागे असे. वर्गात मात्र ज्याचं चुके, त्याला बाईंच्या शेजारची बुटकी खुर्ची मिळे. बरोबर आलेली मुलं मैदानात ओरडत असायची, आणि इरा आईच्या कोपराला टेकून एकच बेरीज पुन्हा पुन्हा मांडत असायची.

कागदावर नऊ घरांचा चौकोन होता. आठ घरं भरलेली. तिने आकडे ओळखले. सहा नि सहा तेरा. नऊ नि नऊ सतरा. सात दुणे पंधरा. आठही आकडे तिच्या चुका होत्या, आणि चारही बाजूंनी बेरीज तेहतीसच येत होती.

खाली ओळ होती: 'आज बरोबर सोडव. तरी शेजारी बस.'

"ही ओळ तिने कुणासाठी लिहिली होती?"

सर म्हणाले, "मी यंत्रवाल्यांना विचारलं. ते म्हणतात, यंत्र वाक्य रचत नाही, वह्यांतलंच उचलतं. आम्ही तिघा शिक्षकांनी सगळ्या वह्या चाळल्या. अशी ओळ कुठेच नाही."

तासाची घंटा द्यायला ते बाहेर गेले.

इराने पेन्सिल उचलली. मधल्या घरात अकरा. आठ नि चार अकरा, ही तिची सगळ्यात पहिली चूक. ती आकडा लिहू लागली. पहिल्या एकाजवळ हात थांबला, आणि तेवढं थांबणंही कागदाने टिपलं असणार, हे तिला कळलं. तिने दुसरा एक लिहिला. यंत्रात काहीतरी हलकेच फिरल्याचा आवाज झाला.

सहीचा कागद तिने पालथा घातला. बुटकी खुर्ची ओढून ती यंत्राच्या शेजारी बसली. गुडघे पार छातीशी आले.

"आई," ती मोठ्याने म्हणाली, "मला सगळी उत्तरं येत होती. तुझ्याजवळ बसायला मिळावं म्हणून मी चुकवायचे. तुला ठाऊक होतं का?"