गॅसपाशी कुणाला उभं करायचं

मी मीठ आणायला कोठीत गेले, तेवढ्यात माझ्या स्वयंपाकघरात एक परका माणूस शिरला होता. नुसता शिरला असता तर चाललं असतं. पण त्याने वर्गातल्या सगळ्यात अबोल मुलीला मटार सोलण्यावरून उठवून थेट गॅसपाशी उभं केलं होतं... सूप ढवळायला.

आमच्या शाळेत दुपारचं जेवण मुलंच माझ्या हाताखाली रांधतात. कुणी धुवायचं, कुणी चिरायचं, विस्तवाजवळ कुणी जायचं, हे मी ठरवते. माझं डोकंच फिरलं. मी तिच्या हातातला डाव काढून घेतला. ती एप्रन खुंटीला अडकवून निघून गेली.

"धाकट्या भावंडांना रोज तीच रांधून घालते," तो म्हणाला. हे नवे गणिताचे सर. "आत्ताच सांगितलं तिने. तुम्ही कधी विचारलं नाहीत?"

नव्हतं विचारलं. म्हणून तर अंगाची लाही लाही झाली.

मुलीची समजूत काढून मी तिला पुन्हा गॅसपाशी आणलं, पण सरांशी धड बोलले नाही. त्यात मुख्याध्यापिकांनी त्यांना रोज माझ्या मदतीला, म्हणजे माझ्या डोक्यावर बसवलं. पुढे एका दांडगोबाने सुरी चालवता येते असं छातीठोकपणे सांगितलं, सरांनी विश्वास ठेवला आणि पोराने बोट कापून घेतलं. मग मी सोडते की काय... नुसतं विचारून भागत नाही, हात बघावा लागतो, असं मी सगळ्यांदेखत सुनावलं. ते मान खाली घालून पट्टी बांधत राहिले. तेव्हापासून ते मुलांना विचारत, मी हात बघत असे, आणि मगच काम ठरे. भांडण मात्र चालूच.

"माझे हात बघून काय वाटतं?" एकदा त्यांनी विचारलं.

"कांदे चिरा. आणि बोलू नका."

ते डोळे पुसत, हसत चिरत राहिले. मला त्या हसण्याचाही राग आला. दिवसभर ते डोळ्यांपुढून हलेना.

आणि एके दिवशी ते आलेच नाहीत. शिपाईकाका म्हणाले, सरांनी आपणहून हे काम सोडलंय. मी कणीक मळत होते. तशीच उठून त्यांच्या वर्गावर गेले. ते बाहेर आले.

"तुम्हाला माझा त्रास होतो, म्हणून म्हटलं—"

"मला न सांगता निघून जातोस? तुझ्याशिवाय तिथे करमत नाही मला."

'तू' कसं तोंडून निघून गेलं, कळलंच नाही. आत वर्ग चिडीचूप. सरांचे कान लाल झाले.

"फार चिडलीस?"

"फार."

"मग... जन्मभर चिडशील माझ्यावर?"

मी कणकेने बरबटलेला हात त्याच्या हातात दिला. राग अजून उतरला नव्हता.