नाडीवाली बाई

भोंगा वाजला की मोहटोल्यात आधी चुली-गॅस बंद व्हायचे, मग दारं. बायका उरलेली भाजी डब्यात भरायच्या, म्हाताऱ्यांच्या हातात काठी द्यायच्या आणि सगळी गल्ली थंडघराकडे निघायची. चपला बाहेर, पाण्याची बाटली आत, आणि दाराशी बसलेल्या पंचफुला उरकुडेपुढे उजवा हात. ती प्रत्येकाच्या मनगटावर एक करडी पट्टी बांधायची. राखी बांधावी तशी, फक्त ओवाळणी नाही.

"घट्ट करू नको वो, मागच्या खेपेले वळ उठला होता," बयाबाई म्हणायची. बयाबाई गावातली सगळ्यात म्हातारी आणि तक्रारीत सगळ्यात तरुण.

"वळ पट्टीचा नाही आजी, तुमी खाजवता त्याचा."

"ऐका! आता खाजवाची पन चोरी."

वैनगंगेकाठच्या या गावाला उन्हाची सवय होती. पण गेल्या काही वर्षांत उन्हाळ्याच्या शेवटी जे येऊ लागलं ते नुसतं ऊन नव्हतं. हवेत दमटपणा इतका साचायचा की अंगावरचा घाम वाळायचाच नाही. घाम वाळला नाही की अंग निवत नाही, आणि अंग निवलं नाही की सावलीत बसलेला धडधाकट माणूससुद्धा दुपारभरात संपतो. लोक तिला 'ओली लाट' म्हणू लागले. तिच्यावर उपाय म्हणून गावोगावी थंडघरं आली: अर्धी जमिनीत पुरलेली, जाड भिंतींची, एकाच दाराची. दार दुपारी एकदा लागलं की ऊन कलेपर्यंत उघडायचं नाही.

यंत्रांनी हवा थंड केली. माणसांचं काय करायचं, हा प्रश्न नंतर आला. बंद खोलीत चाळीस जीव कोंडले की एक जण घाबरतो, मग दहा घाबरतात, मग कोणीतरी दाराकडे धावतं. चार वर्षांपूर्वी एका गावात तसंच झालं होतं. जे बाहेर धावले त्यांना संध्याकाळी चादरीत घालून आणलं.

त्यावर ही नाडीजोड निघाली. एकत्र भजनाला बसलेल्या माणसांच्या छातीचे ठोके हळूहळू एका लयीत येतात, एवढ्याच गोष्टीवर ती उभी होती. एकाच्या मनगटावर मूळपट्टी. ती त्याची नाडी टिपायची आणि बाकीच्यांच्या सोबतपट्ट्यांना कळवायची. सोबतपट्टी त्या लयीत मनगट हलकेच दाबायची, आईने झोपवताना पाठीवर थोपटावं तसं. शरीर बिचारं भोळं. बाहेरून मिळालेल्या तालावर आपला ताल जुळवून घ्यायचं.

मूळपट्टीसाठी प्रत्येक गावात एक शांत माणूस शोधला गेला. मोहटोल्यात चाचणी झाली तेव्हा मोठमोठे आवाज लावून दचकवलं, अवघड हिशेब घातले. सरपंचांची नाडी पळाली, लेनगुरे गुरुजींची त्याहून पळाली. अंगणवाडीत आयुष्य घालवलेल्या, नवरा गेल्यापासून एकटी राहणाऱ्या पंचफुलाची जागची हलली नाही. ती गावाची 'नाडीवाली बाई' झाली. तीन उन्हाळे तिच्या मनगटातून गावाला धीर पोचत राहिला. लग्न ठरवताना, जमिनीच्या भांडणात, पोरगी रुसून गेली तरी लोक म्हणू लागले, "पंचफुलाबाईले इचारा. डोकं बरफावानी हाये तिचं."

पंचफुलाला मनातल्या मनात याचं नवल वाटायचं. कारण आतून ती पालीलाही घाबरायची.

त्या नवलाचा उलगडा त्या उन्हाळ्यात, दवाखान्यात आलेल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी केला. पंचफुलाला धाप लागत होती. बाईंनी तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं आणि कपाळाला आठी घातली.

"ही गोळी तुम्हाला चालायची नाही मावशी, हिनेच धाप लागते. बदलून देते. शिवाय ही नाडीला लगाम घालते. कितीही घाबरलात तरी ठोके वाढू देत नाही."

"म्हंजे... कधीपासून?"

"घेताय तेव्हापासून."

घेत होती ती चाचणीच्या आधीपासून. चाचणीवाल्यांनी तिला बापाच्या आजारापासून झोपेपर्यंत सगळं विचारलं होतं. गोळ्यांचं कोणी विचारलं नाही आणि विचारलं नाही ते सांगायची गावात रीत नाही. घरी येताना पंचफुलाला हसू आलं आणि मग आलं नाही. म्हणजे तीन उन्हाळे गाव जिच्या आधारावर बसत होतं ती पंचफुला नव्हतीच. ती चांदीच्या कागदातली पांढरी गोळी होती.

मूळपट्टी दुसऱ्याला द्या, असं सांगायचं तिने ठरवलं. आज सांगू, उद्या सांगू म्हणेतो नव्या गोळीचे आठ दिवस गेले आणि भोंगा वाजला.

दार लागलं. माणसं भिंतीला पाठी टेकून बसली. कोणी लसूण सोलायला काढला, कोणी पत्ते. ऑटो चालवणाऱ्या प्रफुल भोयरने आपल्या बायकोसाठी, पायलसाठी, घरून उशी आणली होती. तिचे दिवस भरत आले होते आणि तो तिच्या भोवती असा फिरत होता जणू ती काचेची आणि सगळं थंडघर म्हणजे खड्ड्यांचा रस्ता.

दुपार चढली आणि यंत्रांचा घरघराट थांबला.

आधी सगळ्यांना बरंच वाटलं, इतकी शांतता झाली. मग वीज गेल्याचं कळलं; छताजवळच्या बारक्या काचेतून येणारा अंधुक उजेड तेवढा उरला. लेनगुरे गुरुजींनी फोन लावला, ऐकलं आणि आवाज खाली आणून पंचफुलाला सांगितलं, "रोहित्र जळालं. ओल्या लाटेत खांबावर मानूस चढवता येत नाही म्हनतात. ऊन कललं का येतील."

"तवरिक थंडावा टिकते का?"

"दार उघडलं नाही तर टिकते."

त्यांनी आवाज खाली आणला होता, पण चाळीस जणांना ते कळलंच. पंचफुलाच्या छातीत काहीतरी घोड्यासारखं उधळलं, आणि नव्या गोळीने त्याला लगाम घातला नाही. खोलीतल्या प्रत्येक मनगटावर पट्टी धडधड धडधड आपटू लागली.

लसूण सोलणारे हात थांबले. तीन उन्हाळ्यांत असं कधी झालं नव्हतं.

"पंचफुले," बयाबाई म्हणाली, "तुले काय झालं वो?"

पंचफुलाने घाईने मूळपट्टी काढली. चाळीस पट्ट्या एकदम गप्प झाल्या. हे तर त्याहून वाईट होतं. कोणीतरी किंचाळलं, "गेली का बाई?" तिने पट्टी पुन्हा चढवली. घोडं पुन्हा उधळलं.

प्रफुल उठला. त्याने पायलच्या दंडाला धरलं. "चाल. ऑटो दारातच हाये. मी तुले ब्रम्हपुरीच्या दवाखान्यात नेतो."

"अरे, पुलापर्यंत तरी पोचशील का?" गुरुजी ओरडले. "शिकलेला ना तू?"

"इथं राहून मराचं का मंग? ज्या बाईच्या भरोशावर बसलो तिचाच जीव कसा उडून रायला!" त्याचा हात दाराच्या दांडीवर गेला. त्याच्या मागे आणखी तिघं-चौघं उभे राहिले. दांडी सरकली असती तर एकटी पायल गेली नसती. खोलीतला सगळा थंडावाच गेला असता.

पंचफुला दारापाशी गेली. त्याला ढकलायची ताकद तिच्यात नव्हती, आणि समजुतीचे शब्द तिच्या तोंडाशी आले ते तिला स्वतःलाच खरे वाटेनात. मग तिने खरं तेच सांगितलं.

"हाव. मले भेव लागून रायलं," ती म्हणाली. "लय लागून रायलं. आन आजचं नाही ते. मले नेहमीच लागते. इतके दिवस गोळीनं झाकून ठेवलं होतं."

प्रफुलचा हात दांडीवरच होता, पण सरकला नाही.

पंचफुलाला आपली आई आठवली, आणि भाताची रोवणी. गुडघाभर चिखलात बायकांची ओळ वाकलेली असायची. एखादीची कंबर मोडायची, ती मागे पडायची, रडायला यायची. तिला कोणी बांधावर बसवत नसे. म्हणत, 'तू गानं सांग.' जी मागे पडली तिनेच पुढचं कडवं उचलायचं. आणि दोन ओळींत तिची कंबर सरळ व्हायची, कारण सगळी ओळ तिच्या तोंडाकडे बघत असायची. लहानपणी पंचफुलाला ही थट्टा वाटायची.

तिने मूळपट्टी काढली आणि दांडीवरच्या हातात बांधली.

"मले काऊन?" प्रफुल दचकला. "मले तर..."

"तुले सगळ्यात जास्त भेव लागून रायलं, म्हनून. आता हे सारे तुह्या हातात हायेत. दार उघडाचं तर उघड. पन आधी एकडाव माग पाय."

त्याने मागे पाहिलं. पट्ट्या आता त्याच्या छातीच्या तालावर आपटत होत्या, पंचफुलाच्याहून जोरात. पायल आपल्या मनगटाकडे बघत होती. दोन वर्षांच्या संसारात नवऱ्याचं ओरडणं तिने पुष्कळ ऐकलं होतं. हे कधी ऐकलं नव्हतं.

"अजी," ती हळूच म्हणाली, "तुमचं एवढं धडधडते?"

प्रफुलला दिसत होतं की त्याचा श्वास फुलला की तिचाही फुलतो. एक हात तिने पोटावर ठेवला होता. तो दांडी सोडून तिच्यापुढे खाली बसला. त्याने ओठ घट्ट मिटले, नाकाने श्वास घेतला आणि सावकाश सोडला. पुन्हा घेतला. कपाळाच्या शिरा फुगल्या होत्या, जणू गाळात रुतलेला ऑटो एकट्याने ढकलत होता. आपल्यासाठी त्याला ते जमलं नसतं. तो ते तिच्या मनगटासाठी करत होता.

पट्ट्या मंदावल्या. एकेक करून उभी राहिलेली माणसं बसली.

बऱ्याच वेळाने तो थकला तेव्हा पंचफुलाने विचारलं, "आता कोनाले जास्त भेव लागून रायलं?" आणि काय आश्चर्य, गुरुजींनी हात वर केला. वर्गात पोरं करतात तसा. त्यांच्या मनगटावर पट्टी आधी पळाली, मग सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग सावरली. एका पत्तेवाल्याने घेतली, एका सुनेने घेतली. दर वेळी तेच. घेताना नाडी पळायची आणि चाळीस मनगटं आपल्यापाशी आली हे कळलं की स्थिर व्हायची.

बयाबाईने घेताना बजावलं, "माझा मधात एक ठोका चुकते. तो कोनी मोजू नका, डॉक्टरले सांगू नका." खरंच चुकत होता. दर चुकीला खोली श्वास धरायची आणि पुढचा ठोका पडला की हसायची. बंद, अंधाऱ्या, हळूहळू गरम होत चाललेल्या त्या खोलीत माणसं हसली.

भिंतीला टेकून पंचफुला हे बघत होती. नाडीजोड बनवणारे म्हणाले होते, धीर मुळाकडून फांद्यांकडे जातो. तिच्यासमोर तर तो उलटा, फांद्यांकडून मुळाकडे उतरत होता. माणूस शांत असतो म्हणून त्याच्यावर भार टाकतात, की भार टाकला म्हणून तो शांत होतो? शेवटी पट्टी तिच्याकडे परत आली तेव्हा तिने नुसती वाट पाहिली. घोडं दोन पावलं उधळलं आणि आपणच चालीवर आलं. मग त्या तीन उन्हाळ्यांत सगळं गोळीनेच केलं होतं का? आता कोण सांगणार?

ऊन कललं. दिवे आले नव्हते, पण नदीकडून वारा सुटला होता. गुरुजींनी दार उघडलं. माणसं डोळे बारीक करत बाहेर पडली, आपापल्या चपला शोधत, एकमेकांच्या घालत. प्रफुल ऑटो वळवायला गेला. जाताना पंचफुलासमोर घुटमळला, बगलेतली उशी तिच्यापाशी ठेवली आणि तिथेच विसरून गेला.

पंचफुला पट्ट्या सोडवून टोपलीत टाकत होती. सगळ्यात शेवटी पायल राहिली. तिने हात पुढे केला, पट्टी सोडवून घेतली आणि तरी हात तसाच ठेवला.

"बाई, एक इचारू?"

"इचार ना माय."

"इथं आमी असतो. तुमाले आमच्यासाठी शांत राहावं लागते, म्हनून राहाता. पन घरी तुमी एकल्याच. तिथं भेव लागलं तर कोनासाठी राहाता?"

पंचफुलाने टोपली खाली ठेवली आणि आपलं मनगट पायलच्या उघड्या हातात दिलं. बाहेर प्रफुलने एकदा हॉर्न वाजवला, मग काय वाटलं कोण जाणे, गाडी बंद केली आणि तोही थांबला.