डाव्या बाजूला बसणारी

“नाव माझंच जाणार, ताई! आणि उद्यापासून तू या ऑफिसात बसायचं नाहीस. इतकी वर्षं बाबांचे कान भरलेस, तेवढं पुरे झालं!”

धाकट्याचे शब्द ऐकून ताईने हातातल्या कपबश्या खाली ठेवल्या... बाहेरच्या खोलीत पक्षाचे जिल्हाध्यक्ष ताटकळत बसले होते. बाबांच्या, म्हणजे आमदारसाहेबांच्या, निधनाने रिकाम्या झालेल्या जागेसाठी त्यांना या घरातलं एकच नाव हवं होतं.

कान भरले! ताईला ते शब्द झोंबले. एका आजारात साहेबांचा उजवा कान पार गेला होता, डाव्यालाही अगदी जवळून बोललेलंच कळे. म्हणून कॉलेजातली नोकरी सोडून ती रोज सकाळी त्यांच्या डाव्या हाताला खुर्ची ओढून बसली. लोक आपली गाऱ्हाणी सांगत, आणि ती प्रत्येक गाऱ्हाणं हलक्या आवाजात त्यांच्या कानाशी पुन्हा सांगे... “आमदार बहिरा म्हटल्यावर विरोधकांना दुसरा मुद्दाच लागणार नाही,” असं हसत म्हणून त्यांनी तिला शपथ घातली होती. आईखेरीज कुणालाही सांगायचं नाही! हॉस्टेलवर शिकणाऱ्या धाकट्यालाही नाही.

“तुझ्याविरुद्ध मी एक अक्षर बोलले नाही रे...”

“मग ते गप्प का बसले? शिक्षण संपवून आलो, गाडीत त्यांच्या शेजारी बसून म्हणालो, ‘बाबा, मला तुमच्यासोबत काम करायचंय.’ आपले खिडकीबाहेर बघताहेत! ना हो म्हणाले, ना नाही. अन् घर आल्यावर विचारतात काय, तर ‘जेवलास का?’” त्याचा आवाज चिरकला. “नको होतो मी त्यांना. दुसऱ्याच दिवशी घर सोडलं ते उगाच नाही!”

ताई झटकन त्याच्याकडे वळली.

“कुठल्या बाजूला बसला होतास?”

“आता हे काय मध्येच?”

“सांग ना रे! त्यांच्या कुठल्या बाजूला?”

“उजव्या.”

कोपऱ्यात बसलेल्या आईला हुंदका फुटला. “सांग गं त्याला. माणूसच गेलं, आता शपथ कुणासाठी सांभाळतेस?”

आणि ताईने आईशेजारी बसून सांगितलं... सगळं सांगितलं. धाकटा तिच्या पायाशी येऊन बसला.

“म्हणजे... त्यांना ऐकूच गेलं नव्हतं?”

“नाही रे राजा! तू गेल्यावर मला सारखे विचारायचे, ‘त्याला आपलं काम आवडत नाही का गं?’ मी काय सांगणार? मलाच कुठे ठाऊक होतं!”

तो लहान मुलासारखा तिच्या मांडीत डोकं खुपसून रडला. कितीतरी वर्षांनी त्याला त्याचे बाबा परत मिळत होते... ताई नुसती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली.

मग तो उठला, तोंड धुऊन थेट बाहेर गेला.

“अध्यक्षसाहेब, ताईचं नाव घाला.”

“अहो, पण कार्यकर्त्यांना तुम्ही...”

“लोकांचं म्हणणं आजवर तिनेच ऐकलंय. मी प्रचाराला आहेच. शिव्या खायला लागल्या तर त्यालाही मीच!”

अध्यक्ष हसले आणि त्यांनी ताईचं नाव लिहून घेतलं. नाव ऐकायला फाटकाशी गर्दी जमली होती. ताई पायरीवर उभी राहिली आणि सवयीने हलक्या आवाजात बोलू लागली... मागून कुणीतरी ओरडलं, “ताई, इकडे काही येत नाही!”

“मोठ्याने, ताई,” धाकटा शेजारून म्हणाला, “अगदी मोठ्याने!”

आजवर एकाच माणसापुरता जपलेला तो आवाज तिने पहिल्यांदाच मोकळा सोडला.