उभा कंदील

हाक आणि हाळी यांत अंतर आहे, आणि ते केवळ आवाजाचे नाही. हाक नाव घेऊन, जवळच्याला मारतात. उत्तर आले नाही तर फार तर राग येतो. हाळी शिवारापलीकडे, पाण्यापलीकडे द्यायची असते, आणि तिला ओ देणे हे ऐकणाऱ्याचे कर्तव्य असते. वडगाव रासाईजवळच्या एका वस्तीवर, भीमेच्या काठी, अंधार पडला की ही हाळी कंदिलाने देत. पैलतीरावरचा कंदील आडवा हालला, तर ‘होडी आणा’. अलीकडचाही आडवाच हालला, तर ‘निघालो’. अलीकडचा उभा, म्हणजे खालीवर हालला, तर ‘आज होडी नाही, पुलावरून वळसा घालून घरी या’. ओ मिळेपर्यंत हाळी देणाऱ्याने जागा सोडायची नाही. कारण होडी कदाचित त्याच उजेडाच्या रोखाने अंधारात निघालेली असते.

मी शिरूरला मानसोपचार करते. मनात रुतून बसलेल्या आठवणींवर माझा एक उपचार डोळ्यांच्या हालचालींचा आहे. समोरच्याने ती आठवण मनात धरायची आणि माझी बोटे डावी-उजवीकडे फिरतील तशी नजर फिरवायची. आठवण पुसली जात नाही. तिचा डंख बोथट होतो.

त्याच वस्तीवरच्या धुरपदाबाई उपचारासाठी माझ्याकडे यायला निघाल्या होत्या, पण वाटेतच एसटीतून उतरल्या. म्हणून मी त्यांच्या वस्तीवर गेले.

“पाऊस व्हता, वायपर चालू व्हता,” त्यांची लेक राजनंदिनी चहा ठेवत म्हणाली. “ही उठली आन् म्हणाली, उतरवा मला. कंडक्टर म्हणतो, आजीला काचंचं वावडं हाय का?”

“तुला हसू येतंय,” धुरपदाबाई म्हणाल्या.

“रडून झालंय माझं, आई.”

राजनंदिनी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. दुसऱ्या दिवशी बारसे होते. पाळणा तुळईला टांगलेला होता. पण त्याला कुणी झोका दिला, की धुरपदाबाई घराबाहेर जात. हेलकावणारे काहीही त्यांना पाहवत नसे. आजीवाचून नातीला पाळण्यात घालायची वेळ आली होती.

कारण सर्वांना ठाऊक होते. त्यांचे पती रोहिदास काही वर्षांपूर्वी पलीकडच्या, दौंडकडच्या काठावर कांद्याच्या रानात गेले होते. सांजेला वरच्या धरणातून पाणी सुटले आणि नदी फुगली. पलीकडे कंदील आडवा हालू लागला. धुरपदाबाई कंदील घेऊन ओट्यावर धावल्या, तर सासऱ्यांनी, तात्याबांनी, त्यांचा हात धरला. “उजेड दावू नगं. दिसला तर होडी येतीय समजून थांबंल. न्हाई दिसला तर आपणहून पुलाकडं वळंल.” त्यांनीच मुलाला शिकवलेला नियम त्या घाईत तेच विसरले. ओ मिळाला नाही, म्हणून रोहिदास हलले नाहीत. मग काठ खचला. कंदील हालता हालताच खाली गेला.

“बोटं नकोत,” मी सुचवले. “गुडघ्यावर आळीपाळीने हलक्या टिचक्या मारूनही हे करता येतं. डोळे मिटलेले चालतील.”

“डोळं मिटून पाळणा हालवू व्हय?” त्या म्हणाल्या. “बोटंच करा, बाई.” आणि मग, हळू: “पर मला सांगा... हे चित्र गेलं, तर मानूस बी जाईल का? त्यांचं शेवटचं तेवढंच हाय माझ्यापाशी.”

“माणूस जाणार नाही,” मी म्हणाले. हे मी सर्वांनाच सांगते. त्या दिवशी ते अधिक काळजीपूर्वक म्हटले असते, तर बरे झाले असते.

ऊन कलले होते. वीज गेली होती. नदीकडची खिडकी रोहिदास गेल्या दिवसापासून बंदच असे. मी तिच्याकडे पाठ करून बसले. बाहेर ओट्यावर, नदीकडे तोंड करून, तात्याबा बाजेवर पडले होते. मी बोटे फिरवू लागले. धुरपदाबाईंची नजर आधी अडखळली, मग फिरू लागली. मी थांबे, त्या श्वास घेत, आणि आम्ही पुन्हा सुरू करीत असू. खोलीत सांज दाटत गेली.

एका खेपेनंतर मी हात मांडीवर ठेवला. त्यांचे डोळे फिरतच राहिले.

ती गती माझ्या हाताची नव्हती. ती संथ होती, जड होती, हातात वजन घेऊन दमलेल्या माणसाची होती. त्यांच्या दोन्ही बाहुल्यांत एक पिवळा ठिपका होता, आणि तो डावीकडून उजवीकडे जात होता. खोलीत दिवा नव्हता.

“मागं बघू नका, बाई...”

मी पाहिले नाही. “काय दिसतंय?”

“अजून उभं हायेत... हात दुखला असंल त्यांचा.”

“तुम्हाला काय करावंसं वाटतं?”

त्यांच्या उजव्या हाताची मूठ वळली, जणू तीत कंदिलाची कडी होती. ती मूठ त्यांनी उंच उचलली आणि खाली आणली. पुन्हा उचलली.

बाहुल्यांतला ठिपका थांबला.

“धुरपदा,” ओट्यावरून तात्याबांचा आवाज आला. त्यांना आतले काही दिसत नव्हते. “ओ तू दिलास का गं?”

“व्हय, मामंजी.”

“बेस केलंस.” बाज करकरली. “वळला... पुलाकडं निघाला बघ.”

तेव्हा त्या रडल्या. मग उठून पाळण्यापाशी गेल्या आणि रिकाम्या पाळण्याला त्यांनी एक झोका दिला. तो थांबेपर्यंत त्या पाहत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी नातीला त्यांनीच पाळण्यात घातले.

आता शिरूरच्या बाजारात सांगतात, की डॉक्टरीणबाईने बोटे फिरवली आणि धुरपदाबाईंनी नवऱ्याचे भूत कायमचे वाटेला लावले. त्यात चूक आहे. उभा कंदील म्हणजे निरोप नव्हे. त्याचा अर्थ ‘घरी या’ एवढाच आहे, आणि त्या घरात तो सर्वांना ठाऊक होता. म्हणून तर बारशाच्या सांजेला बायका पांगल्यावर राजनंदिनी दाराला कडी घालू लागली, तेव्हा धुरपदाबाई म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. वळसा लांबचा हाय.”

बारशाला मलाही बोलावले होते; मी निघण्यासाठी उठले होते. पाळणा थांबला होता. बाळाचे डोळे दारावर होते; ते सावकाश, कुणी चालत यावे त्या गतीने, उंबरठ्यापासून पाळण्यापर्यंत सरकत आले. ओल्या मातीचा आणि रॉकेलचा वास आला. पाळणा हळूच हालू लागला.

धुरपदाबाई त्याच्याकडे पाहत होत्या. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.